पेन ड्राइव्हला १९६८ साल ठाऊकच नाही!

मित्रमैत्रिणींनो, आज आधी थोडा इतिहास, मग गणित आणि शेवटी कॉम्प्युटर. पनवेल आणि आसपासच्या या पाच तारखा वाचा बरं.

१ ऑक्टोबर २०१६ : पनवेल महानगरपालिका स्थापन झाली.
१९६८ : कर्नाळा पक्षी अभयारण्य जाहीर झालं.
११ सप्टेंबर १८९५ : पेण तालुक्यातल्या गागोदे गावी विनोबा भावे जन्मले.
४ नोव्हेंबर १८४५ : पनवेलजवळच्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडके जन्मले.
१६६५ : पुरंदरच्या तहात कर्नाळा किल्ला मोगलांना द्यावा लागला.

समजा, तुमच्या वर्गानं 'आपलं पनवेल' असा प्रकल्प हाती घेतला आहे. प्रत्येक घटनेची माहिती आणि चित्रं तुम्ही एकेका फाइलीत ठेवलीत. फाइलीवर जी तारीख दिसते ना, ती कॉम्प्युटरला सांगून बदलता येते. लिनक्सवर त्यासाठी 'टच' नावाची एक छोटीशी आज्ञा आहे. तर तुम्ही हौसेनं प्रत्येक फाइलीवर त्या त्या घटनेचीच तारीख घातलीत आणि पाचही फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्यात. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायला पेन ड्राइव्ह लावलात, तर काय दिसेल?

२०१६ ची फाइल ठीक. पण १९६८, १८९५, १८४५ आणि १६६५ या चारही फाइलींवर एकच तारीख : १ जानेवारी १९८०! फडके, विनोबा आणि कर्नाळ्याचे पक्षी, सगळे एकाच दिवशी जन्मले की काय? कॉम्प्युटर बिघडलेला नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. पेन ड्राइव्हच्या वहीत १९८० च्या आधीची तारीख लिहायला जागाच नाही. गंमत आहे ना? चला, ही वही उघडून बघू.

बारनिशीतले रकाने

सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी असते, हे तुमच्या आईबाबांना विचारा. आलेलं प्रत्येक पत्र त्या जाडजूड वहीत नोंदायचं : नंबर, कुणाकडून, कोणत्या तारखेला. कॉम्प्युटरच्या डिस्कवरही अशीच एक बारनिशी असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. फाइलीचं नाव काय, ती डिस्कवर कुठे ठेवली, शेवटची कधी बदलली, हे सगळं तिच्यात असतं. आणि ही वही ज्याच्या हाताखाली चालते, तो कॉम्प्युटरचा मुख्य कारभारी म्हणजे कर्नल. घड्याळ बघून 'आत्ता इतके वाजले, लिही' असं वहीला सांगतो तो कर्नलच.

आता छापील वहीचे रकाने ठरलेले असतात. वर्षासाठी चारच चौकटी छापल्या असतील, तर १०००० साल कुठे लिहिणार?

पेन ड्राइव्हवर अनेकदा 'फॅट३२' नावाची वही असते. ही पद्धत जुनी, फ्लॉपीच्या काळातली. तेव्हा डिस्कवरची जागा भलती महाग, म्हणून एकेक चौकट मोजून मापून दिलेली. कॉम्प्युटरची चौकट म्हणजे बिट. तिच्यात फक्त ० किंवा १ मावतो. फॅटनं तारखेला १६ चौकटी दिल्या : वर्षाला ७, महिन्याला ४, दिवसाला ५. वेळेलाही १६ : तासाला ५, मिनिटाला ६ आणि सेकंदाला ५.

सात चौकटींत ० पासून १२७ पर्यंतचे आकडे मावतात. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला १९८१ साली. त्याच्यावर त्याआधीची फाइल असणारच कशी? म्हणून मोजणी सुरू केली १९८० पासून. १९८० अधिक १२७ म्हणजे २१०७. संपली वही! १९६८ आलं की तारखेला हात धरून सर्वांत जवळच्या जागी, म्हणजे पहिल्या पानावर बसवायचं. तेच ते १ जानेवारी १९८०.

आणि सेकंदांची तर अजूनच मजा. पाच चौकटींत ३१ च्या पुढे आकडा जात नाही, पण सेकंद तर ६०. मग काय केलं? दोन दोन सेकंदांच्या उड्या मारल्या! म्हणून फॅटच्या वहीत 'शेवटचा बदल' नेहमी सम सेकंदालाच झालेला दिसतो.

शके, सन आणि सेकंद

प्रत्येक मोजणीला एक आरंभ लागतो. घरातलं कॅलेंडर पाहा. इसवी सनाचा आकडा वेगळा आणि शालिवाहन शकाचा वेगळा. दोहोंत ७८ वर्षांचा फरक. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली म्हणा किंवा इसवी सन १२९० मध्ये म्हणा. घटना तीच, फक्त मोजणी कुठून सुरू केली ते निराळं.

कॉम्प्युटरचेही असे निरनिराळे 'शक' आहेत. फॅटचा आरंभ १९८०. ॲपलच्या जुन्या मॅकचा १ जानेवारी १९०४. विंडोजच्या एनटीएफएस या वहीचा १ जानेवारी १६०१. म्हणजे पुरंदरचा तह तिच्यात आरामात मावतो, पण ज्ञानेश्वरीचं साल नाही. आणि युनिक्स, तसंच त्याच्या वळणावर गेलेलं लिनक्स, यांचा आरंभ १ जानेवारी १९७०, ग्रीनिचच्या मध्यरात्री. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते.

युनिक्सची पद्धत साधी. तास-मिनिटांची भानगड नको, त्या क्षणापासून किती सेकंद झाले तेवढं मोजायचं. त्याच्या आधीचे सेकंद वजा धरायचे. म्हणून कर्नाळा अभयारण्याचं १९६८ साल लिनक्सच्या डिस्कवर नीट लिहिलं जातं, वजा चिन्ह लावून.

तीन तास चौदा मिनिटं सात सेकंद

हे सेकंद लिहायला जुन्या पद्धतीत ३२ चौकटी होत्या. एक चौकट अधिक-वजाच्या चिन्हासाठी, उरल्या ३१. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. बापरे, मोठी वाटते ना? वही-पेन्सिल घ्या.

एका दिवसात २४ × ६० × ६० = ८६,४०० सेकंद. आपल्या संख्येला ८६,४०० नं भागा. उत्तर येतं २४,८५५ दिवस आणि बाकी उरते ११,६४७ सेकंद, म्हणजे ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद. १ जानेवारी १९७० पासून २४,८५५ दिवस पुढे गेलात की १९ जानेवारी २०३८ उजाडतो. आपला साडेपाच तासांचा फरक मिळवा. म्हणजे मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ३२ चौकटींची वही पनवेलमध्ये भरेल.

पुढच्या सेकंदाला काय होईल? जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये ९९९९९ नंतर ०००००  येतात, तसंच काहीसं. फक्त इथे हातचा जाऊन बसतो थेट चिन्हाच्या चौकटीत. संख्या एकदम वजा होते, तीही सगळ्यात मोठी वजा. तारीख दिसते १३ डिसेंबर १९०१!

'दिसू दे की, आपलं काय जातं?' असं म्हणू नका हं. पुष्कळ कामं या तारखेवरच चालतात. रोज रात्री फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवणारा प्रोग्राम विचारतो, 'कालच्यानंतर काय बदललं?' १९०१ ची फाइल त्याला जुनीपुराणी वाटते. तो ती सोडून देतो आणि नेमकं आजचं काम जपलं जात नाही. साफसफाईचा प्रोग्राम तर जास्तच धोक्याचा. 'फार जुन्या फाइली काढून टाक' हा त्याला दिलेला हुकूम. सर्वांत नवी फाइल सर्वांत जुनी दिसली, तर केराच्या टोपलीत आधी तीच जाणार.

आणि यासाठी २०३८ पर्यंत थांबावंही लागत नाही. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर नावाच्या अमेरिकी सॉफ्टवेअरवर चालणारे कॉम्प्युटर अचानक बंद पडू लागले. एखादं काम 'कधीच रद्द होऊ नये' म्हणून त्याला १ अब्ज सेकंदांची मुदत दिलेली होती. १ अब्ज सेकंद म्हणजे सुमारे ३१ वर्षं ८ महिने. मे २००६ मध्ये ते मिळवले की बेरीज २०३८ ची रेघ ओलांडते. दगड बत्तीस वर्षं पुढे आणि ठेच आज! वीस-पंचवीस वर्षांच्या घरकर्जाचे हप्ते मोजणाऱ्या कॉम्प्युटरलाही ही रेघ आजच ओलांडावी लागते, हे पालकांनीही ध्यानात घ्यावं.

कर्नलनं विचारलेला प्रश्न

यावर उपाय काय? 'चौकटी वाढवा' असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर! ३२ च्या जागी ६४ चौकटी घेतल्या, तर सुमारे २९२ अब्ज वर्षांची सोय होते. आपल्या विश्वाचं वयच जेमतेम १३.८ अब्ज वर्षं आहे. पण कारभाऱ्याला मोठा आकडा समजू लागला, म्हणून डिस्कवरच्या वहीतले छापील रकाने थोडेच रुंदावतात?

लिनक्समध्ये नेमकं हेच घडलं. २०१८ साली कर्नलच्या ४.१८ या आवृत्तीत फाइलींच्या तारखा ६४ चौकटींत धरल्या जाऊ लागल्या. पण कर्नलच्या डोक्यात तारीख एक आणि वहीत उतरली दुसरीच, असं होण्याची भीती होती. फाइल वापरात आहे तोवर तारीख बरोबर दिसायची. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, कर्नलनं वही नव्यानं वाचली, की तारीख भलतीच! असा दोष शोधणं म्हणजे डोकेदुखी. रात्री ठेवलेली वस्तू सकाळी दुसऱ्याच फडताळात सापडावी, तसं.

म्हणून दीपा दिनमणी या कर्नलसाठी लिहिणाऱ्या प्रोग्रामरनं एक शिस्त आणली. आर्न्ड बर्गमन आणि इतर अनेकजण २०३८ च्या या कामात होतेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीपासून प्रत्येक फाइल सिस्टिमला आपली ओळख करून देताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात : 'तुझी सर्वांत जुनी तारीख कोणती? आणि सर्वांत पुढची कोणती?' मग कर्नल लिहिण्याआधीच बघतो. तारीख हद्दीच्या अलीकडची असेल तर पहिली तारीख, पलीकडची असेल तर शेवटची तारीख. उलटी कोलांटी नाही! शिवाय डिस्क जोडताना तिची मुदत येत्या ३० वर्षांत संपणार असेल, तर कर्नल तशी सूचनाही लिहून ठेवतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हद्दीवर आणून बसवलेली तारीखही खरी नसतेच. २०३८ नंतरच्या सगळ्या फाइलींवर एकच शिक्का बसला, तर त्यांच्यातली आधीची कोणती आणि नंतरची कोणती ते कळणार नाही. पण नवी फाइल निदान १९०१ ची तरी ठरत नाही आणि केराच्या टोपलीपासून वाचते. मोडलेल्या हाताला फळी बांधतात ना, तसा हा उपाय. हाड जोडायचं तर वहीच नवी घ्यायला हवी.

तशा वह्याही आल्या आहेत. ईएक्सटी३ ची मुदत २०३८ पर्यंतच. तिच्या धाकट्या बहिणीनं, ईएक्सटी४ नं, दोन चौकटी वाढवल्या. फक्त दोन! पण एक चौकट वाढली की जागा दुप्पट होते. दोन वाढल्या की चौपट. मुदत गेली थेट २४४६ सालापर्यंत. मात्र ज्या डिस्कवर प्रत्येक फाइलीच्या नोंदीला १२८ बाइटांचीच जुनी, लहान ओळ आखलेली आहे, तिथे या जादा चौकटींना जागा नाही. तिथे २०३८ च. एक्सएफएस या वहीनं २०२० साली नवे रकाने आखून २४८६ पर्यंतची सोय केली.

काळजी आहे ती बसवून विसरून गेलेल्या यंत्रांची. कारखान्यातली, भिंतीतली, वाहनातली छोटी यंत्रं पंधरा-वीस वर्षं चालतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर कुणी बदलत नाही. ती शोधून काढायचं काम करणाऱ्यांत २०३८ साली विशी-पंचविशीत असलेले तुम्हीही असाल, काय सांगावं!

मग प्रकल्पाचं काय?

आपल्या पाच फाइलींकडे परत येऊ. फाइलीवरची तारीख सांगते, 'ही फाइल शेवटची कधी बदलली.' फडके कधी जन्मले हे सांगणं तिचं कामच नाही. म्हणून घटनेची तारीख फाइलीच्या नावातच लिहा आणि वर्ष आधी लिहा : १८४५-११-०४ शिरढोण, १८९५-०९-११ गागोदे. मग महिना, मग दिवस. नावाप्रमाणे लावल्या की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं उभ्या राहतात. पेन ड्राइव्ह कोणताही असो, नाव बदलत नाही. आजोबांचे जुने फोटो स्कॅन करतानाही हीच युक्ती वापरा आणि फोटोत कोण कोण आहे तेही आजोबांना विचारून आत्ताच लिहून ठेवा.

करून पाहा, ओळखून सांगा

१. विंडोजवर फॅट३२ पेन ड्राइव्हवरच्या दहा फाइलींच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. शेवटच्या बदलाच्या वेळेत विषम सेकंद सापडतो का?

२. फॅटच्या वहीत घड्याळातली वेळ जशीच्या तशी लिहितात. कोणत्या देशातली ते लिहीत नाहीत. पनवेलला सकाळी १० वाजता जपलेली फाइल त्याच क्षणी दुबईत कुणी पाहिली, तर तिथल्या घड्याळाशी ताडून काय विचित्र दिसेल?

३. फॅटनं वर्षाला ७ ऐवजी ८ चौकटी दिल्या असत्या, तर वही कोणत्या साली भरली असती?

उत्तरं : १) सापडणार नाही. सापडलाच, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ चा आहे ना, ते तपासा. २) दुबईत तेव्हा साडेआठच वाजलेले असतात, म्हणून फाइल दीड तासानं 'भविष्यातली' दिसेल. ३) आठ चौकटींत ० ते २५५ मावतात. १९८० अधिक २५५ म्हणजे २२३५.