दुसऱ्याच्या विषयाचं व्याख्यान बुडवू नका
कार्यशाळेत आपल्या विषयाची दोनच व्याख्यानं, बाकी वेळ चहा, असं ठरवलं असेल तर थांबा. ‘कंडेन्स्ड मॅटर थिअरीज’ ही कार्यशाळा-मालिका १९७७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत सुरू झाली. तिथे द्रव हेलियमवाले, अणुकेंद्रवाले, इलेक्ट्रॉनवाले सगळे एकत्र. कारण हेलियम-३ चे अणू, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन हे सगळेच फर्मिऑन. कण बदलले तरी गणित बरंचसं तेच. अतिवाहक धातूंसाठी १९५७ साली आलेली बीसीएसची जोड्यांची कल्पना आगे बोर (हो, नील्स बोर यांचे चिरंजीव), मॉटेलसन आणि पाइन्स यांनी १९५८ मध्येच अणुकेंद्राला लावून पाहिली. मी पहिल्या वर्षी न्यूट्रॉन ताऱ्यांवरचं एक व्याख्यान बुडवलं. माझं गणित जिथे अडलं होतं, त्याची युक्ती नेमकी तिथेच सांगितली होती. मला ती प्रोसीडिंग्जमध्ये सापडली, आठ महिन्यांनी.