गच्चीवरची दुर्बीण

हौशी निरीक्षकांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर ‘५२५ पट’ यासारखा एखादा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो आणि दुर्बीण निवडताना नेमका तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. वर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते प्रमाण, हे मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगसंचाच्या, नाभीय अंतराने भागून मिळते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर वर्धन ४८ पट होते, १० मिलिमीटरची लावली तर १२० पट; म्हणजे नेत्रिका बदलून ते हवे तेवढे फुगवता येते. मात्र फुगवलेल्या प्रतिमेत तपशील किती उरतो हे मुखव्यासावर, म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाच्या किंवा आरशाच्या रुंदीवर ठरते. काळोखात पूर्ण विस्फारलेली डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची असते, तर १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. मुखव्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही वर्धनाची सर्वसाधारण कमाल मर्यादा मानली जाते. त्या हिशेबाने ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटींच्या पुढे फक्त अंधूकपणा मोठा होत जातो.

मुखव्यासानंतर विचार व्हायला हवा तो बैठकीचा, आणि खरेदी करताना सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तारे दर सेकंदाला १५ विकला या वेगाने (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश) सरकतात. १२० पट वर्धनावर सर्वसाधारण नेत्रिकेतून चंद्राच्या बिंबापेक्षाही लहान, सुमारे २५ कलांचा आकाशाचा तुकडा दिसतो आणि त्याच्या एका काठावरून निघालेला ग्रह शंभर सेकंदांत दुसऱ्या काठाबाहेर जातो. अशा वेळी डुगडुगणारी तिवई असेल तर हात लागताच प्रतिमा थरथरते, ती स्थिरावेपर्यंत ग्रह निघून जातो आणि चार रात्रींत दुर्बीण माळ्यावर जाते. बैठकींचे मुख्य प्रकार दोन आहेत. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात, त्यामुळे तो एकच अक्ष फिरवून ताऱ्याचा माग राखता येतो आणि दीर्घ उघडिपीचे छायाचित्रण करणाऱ्याला साधारणपणे अशीच बैठक लागते. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. परंतु ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाएवढी असते, म्हणजे पुण्यात साडेअठरा अंश आणि पणजीत साडेपंधरा अंश, आणि शहरातील गच्चीवरून तो बहुधा समोरच्या इमारतीआड दडलेला असतो. म्हणून छायाचित्रण न करता नुसते आकाश पाहणाऱ्या नवशिक्याने त्या फंदात न पडता वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठक घ्यावी.

या साध्या बैठकीचे सर्वांत यशस्वी रूप एका संन्याशाच्या हातून घडले. बीजिंगमध्ये १९१५ साली जन्मलेले जॉन डॉब्सन रसायनशास्त्र शिकून १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात, म्हणजे रामकृष्ण परंपरेच्या अमेरिकी शाखेत दाखल झाले आणि विश्वाचे स्वरूप समजून घ्यायचे तर ते लोकांनी स्वतः पाहिले पाहिजे या धारणेने दुर्बिणी बनवू लागले. हाती पैसा नसल्याने जहाजांच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी वापरतात ती पुठ्ठ्याची जाड नळी घेतली आणि ती प्लायवूडच्या खोक्यात अशी बसवली की वजनाचा तोल व घर्षण यांच्यामुळेच ती लावली तिथे थांबेल. दुर्बिणींच्या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट आकाश दाखवणारी मंडळी त्यांच्याभोवती जमली. या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले नाही आणि आज ‘डॉब्सोनियन’ नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या दुर्बिणी त्यांच्याच आराखड्यावर उभ्या आहेत. घरगुती वापरासाठी सहा इंची आरसा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली डॉब्सोनियन ही बहुतेकांना पुरून उरणारी निवड होय.

आरसा घरी घासण्याची परंपराही अजून जिवंत आहे. काचेच्या दोन चकत्यांमध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून एक दुसरीवर घासत राहिले की वरची खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. मग उत्तरोत्तर बारीक पूड वापरून आणि शेवटी डांबरासारख्या राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी आणून वरच्या चकतीचा पृष्ठभाग अन्वस्ताकार, म्हणजे समांतर येणारे सर्व किरण एकाच बिंदूत आणणारा करतात. या पृष्ठभागापासून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींमधील दोष तरंगलांबीच्या चौथ्या भागाहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाहून अधिक नसावा अशी अपेक्षा असते आणि इतकी सूक्ष्म चूक फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या, निव्वळ दिवा व पाते लागणाऱ्या चाचणीने घरातही पकडता येते. पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने आणि १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी हौशी मंडळींची आकाशाशी ओळख करून देण्याचे मोठे काम केले आहे. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली असून तिला सप्तर्षींतील ‘पुलस्त्य’ ताऱ्याचे नाव दिले आहे.

दुर्बीण मांडण्याचे पहिले काम दिवसाउजेडी करायचे असते. मुख्य नळीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण तिच्याशी समांतर नसेल तर रात्री काहीच सापडत नाही. म्हणून दूरचा मनोरा किंवा पाण्याची टाकी मुख्य दुर्बिणीत मध्यभागी आणून शोधकाचे स्क्रू फिरवत तीच वस्तू त्याच्या फुलीवर आणावी. आरशांच्या दुर्बिणीत मुख्य व दुय्यम अशा दोन्ही आरशांचे अक्ष जुळवण्याचे कामही अधूनमधून लागते आणि ते सरावाने पाच मिनिटांत होते. खोलीतून बाहेर आणलेला आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत त्याच्यावरची ऊन हवा प्रतिमा हलवत राहते, म्हणून निरीक्षणापूर्वी अर्धा तास दुर्बीण उघड्यावर ठेवावी. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी हेच करतो. गच्चीवर मध्यरात्रीनंतर ग्रह अधिक निश्चल दिसतात त्याचे हे एक कारण आहे. डोळ्यांना काळोख सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ती मेहनत वाया जाते, त्यामुळे नकाशा वाचायला मंद लाल दिवा वापरतात.

काय केव्हा पाहावे याचे उत्तर पंचांगात तयार असते. चंद्रासाठी पौर्णिमा वाईट, कारण सूर्यप्रकाश समोरून पडल्याने सावल्या नाहीशा होतात. शुक्ल अष्टमीच्या आसपास प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात. अंधूक वस्तूंसाठी अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री हव्यात. दिवाळी नेमकी अमावास्येला आणि पावसाने धुतलेल्या आकाशात येते, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर त्या काळोखाचा निकाल लावतो. चार दिवसांनी संध्याकाळी उत्तरेकडे बऱ्याच उंचीवर देवयानी दीर्घिका शोधावी. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेला हा ताऱ्यांचा महासागर छायाचित्रांत रंगीत व डौलदार दिसत असला तरी नेत्रिकेत राखाडी धुरकट डाग म्हणूनच दिसतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसल्याने त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली की तो अधिक पसरट दिसू लागतो. शनीची कडी मात्र ४० पटींवरही पाहणाऱ्याला चकित करतात. मार्च २०२५ मध्ये ती पृथ्वीवरून कडेने, जवळजवळ अदृश्य अशी दिसली. आता २०३२ च्या सुमारापर्यंत ती वर्षागणिक अधिक उघडत जातील. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजावर नरतुरंगातील ‘ओमेगा सेंटॉरी’ हा प्रचंड तारकागुच्छ पुण्याहून २४ अंश उंचीपर्यंत चढतो. लंडनच्या निरीक्षकाला तो कधीच उगवताना दिसत नाही.

सूर्याकडे दुर्बीण रोखायची तर नळीच्या तोंडावर पूर्ण झाकणारा प्रमाणित सौरगाळक घट्ट बसवलेला असलाच पाहिजे आणि शोधक दुर्बिणीचे तोंडही बंद हवे. नेत्रिकेत फिरवून बसवायचा छोटा काळा गाळक काही संचांबरोबर मिळतो, तो सरळ फेकून द्यावा, कारण एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि क्षणार्धात डोळा जातो.

महाराष्ट्र व कोकणपट्टीत दुर्बिणीचा खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि ती काचेवरचा लेप खाते, म्हणून जूनपासून नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि नळीची दोन्ही तोंडे झाकण्यापूर्वी ती कोरडी असल्याची खात्री करावी. आरशावरची धूळ फडक्याने पुसू नये, तिने चरे पडतात. थोड्या धुळीने प्रतिमेत जाणवेल असा फरक पडत नाही. फारच मळला तर आरसा काढून वाहत्या पाण्याखाली धुवावा, शेवटी शुद्ध केलेल्या पाण्याने खळबळून उभा करून वाळवावा, आणि काही वर्षांनी ॲल्युमिनियमचा थर विटला की तो निर्वात कक्षात पुन्हा चढवून घ्यावा.