मनातली माणसं (१२) : खोटं-खोटं आणि खरं

फ्रॉइडला आणखी एक आठवडा थांबावं लागणार. मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर यांनी अभ्यासलेल्या, काल्पनिक सवंगडी असणाऱ्या मुलांवरून वाचकांचा एकच प्रश्न पुन्हापुन्हा आला आहे : मुलाचा काल्पनिक सवंगडी आणि मोठ्यांचा देव, यांत वयाखेरीज फरक तो काय? प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. रिचर्ड डॉकिन्स यांनीही ‘द गॉड डिल्यूजन’मध्ये (२००६) ही तुलना तपासली आहे. चटकन सुचणारं उत्तर असं, की सवंगडी मुलाच्या मुठीत असतो, देव कुणाच्याच नाही. पण ते टिकत नाही. टेलर यांना आढळलेले कितीतरी सवंगडी हट्टी होते. बोलावलं तर येत नसत, नको तेव्हा हजर होत, भांडतही. खरा फरक दुसरीकडे आहे. हीच मुलं मुलाखत घेणाऱ्या मोठ्या माणसाला मध्येच समजावतात, की हे सगळं खोटं-खोटं आहे बरं का! भातुकलीतल्या भातानं पोट भरत नाही, हे भातुकली मांडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

श्रद्धावान असं म्हणत नाही. मात्र कल्पनाशक्ती तोही राबवतो. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड चर्चमध्ये राहून लिहिलेल्या पुस्तकात (२०१२) देवासाठी कॉफीचा वेगळा कप भरून त्याच्याशी गप्पा मारणारी माणसं भेटतात. मनात उठलेला कोणता विचार आपला आणि कोणता देवाचा, हे ओळखायला ती सरावानं शिकतात, आणि तो विचार बायबलशी, सोबतच्या भाविकांच्या मताशी ताडून पाहतात. मुलाला असं ताडून पाहावं लागत नाही. आज मित्र असलेला उद्या वाघ झाला, तरी कुणाची हरकत नसते. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठोबा दळू लागतो आणि शिव्याही खातो, जवळीक सवंगड्याचीच. पण तो नामदेवांचाही आहे, अवघ्या पंढरीचा आहे. त्याला विटेवरून हलवणं एकट्या जनीच्या हातात नाही.

यावर कुणी म्हणेल, हजारोंनी मिळून मानलं म्हणून गोष्ट खरी ठरते का? नाही ठरत. देव आहे, हे यातून सिद्ध होत नाही. पण नाही, हेही होत नाही. वारलेल्या आईशी माणूस मनातल्या मनात बोलतो, तिची उत्तरंही स्वतःच रचतो. म्हणून ती कधी नव्हतीच, असं कुणी म्हणत नाही. नातं कल्पनेनं जोपासलं जातं, एवढंच ही तुलना दाखवते. पलीकडे कुणी आहे का, याचा निवाडा तिच्या आवाक्यात नाही. तिला खंडन समजणारे आणि तिचा अपमान वाटणारे, दोघंही तिच्याकडून नको तेवढं मागतात. फ्रॉइडला देवात सवंगडी दिसलाच नाही, बाप दिसला. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्यांसमोर त्या बापाचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.