कोल्ट्रेन, जॉन

(२३ सप्टेंबर १९२६–१७ जुलै १९६७). विख्यात कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक व संगीतरचनाकार. संपूर्ण नाव जॉन विल्यम कोल्ट्रेन. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट येथे. बालपण त्याच राज्यातील हाय पॉइंट या गावी गेले. त्याचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. त्यामुळे चर्चमधील प्रार्थनासंगीताचे संस्कार त्याच्यावर लहानपणीच झाले. शाळेच्या वाद्यवृंदात तो प्रथम क्लॅरिनेट व नंतर आल्टो सॅक्सोफोन वाजवू लागला. १९४३ मध्ये तो फिलाडेल्फियास आला व ऑर्नस्टीन संगीत विद्यालयात त्याने शिक्षण घेतले. १९४५ साली चार्ली पार्करचे वादन ऐकून तो भारावून गेला. त्यानंतर सु. एक वर्ष त्याने अमेरिकन नौदलात काढले व हवाई बेटांवरील नौदलाच्या वाद्यवृंदात वादन केले.

नौदलातून परतल्यावर त्याने अनेक वाद्यवृंदांत उमेदवारी केली व याच काळात टेनर सॅक्सोफोन हे आपले प्रमुख वाद्य म्हणून स्वीकारले. डिझी गिलेस्पी, जॉनी हॉजेस इ. वादकांच्या हाताखाली काम केल्यावर १९५५ मध्ये माइल्स डेव्हिसच्या पाच वादकांच्या संचात त्याला स्थान मिळाले. तथापि हेरॉइनच्या व्यसनामुळे १९५७ मध्ये त्याला हा संच सोडावा लागला. त्याच वर्षी त्याने निश्चयाने व्यसन सोडले. या घटनेस तो आपली आध्यात्मिक जागृती मानीत असे. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक थिलोनियस मंकच्या सहवासात त्याच्या स्वरविचाराला नवी दिशा मिळाली. १९५८ च्या आरंभी तो पुन्हा डेव्हिसकडे आला व काइंड ऑफ ब्लू (१९५९) या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत सहभागी झाला.

त्या काळातील जॅझमध्ये वादक एखाद्या गीताच्या आधारे उत्स्फूर्त स्वरविस्तार करीत असे. गीताच्या साथीतील स्वरसंघात (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे समूह) ठराविक क्रमाने बदलत जातात आणि वादकास प्रत्येक स्वरसंघाताशी सुसंगत स्वर तत्काळ योजावे लागतात. कोल्ट्रेनने ही पद्धती पराकोटीस नेली. जायंट स्टेप्स (ध्वनिमुद्रण १९५९) या रचनेच्या सोळा खंडांच्या एका आवर्तनात सव्वीस स्वरसंघात येतात व आधारस्वर सतत बदलत राहतो. असे तीन आधारस्वर असून ते परस्परांपासून षड्ज–गांधाराइतक्या अंतरावर आहेत. अतिद्रुत लयीतील ही रचना सॅक्सोफोनवादकांच्या कसोटीची मानली जाते.

तथापि या मार्गाच्या टोकास पोहोचताच कोल्ट्रेन विरुद्ध दिशेस वळला. काइंड ऑफ ब्लू मध्ये डेव्हिसने स्वरसंघातांची गर्दी टाळून एकेका स्वरसप्तकावर दीर्घकाळ स्थिरावण्याची पद्धती अवलंबिली होती. कोल्ट्रेनने तीच पुढे विकसित केली. १९६० मध्ये त्याने स्वतःचा संच स्थापन केला. मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (डबल बास) व एल्विन जोन्स (ड्रम) हे त्यातील पुढे स्थिरावलेले साथीदार. माय फेव्हरिट थिंग्ज (१९६१) मध्ये एक साधे संगीतिकागीत त्याने सोप्रानो सॅक्सोफोनवर सु. चौदा मिनिटे विस्तारले. ही ध्वनिमुद्रिका अत्यंत लोकप्रिय झाली.

याच ओघात तो भारतीय संगीताकडे आकृष्ट झाला. नोव्हेंबर १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या इंडिया या रचनेत दोन डबल बास वाद्यांच्या योगे तंबोऱ्यासारखा अखंड आधार साधलेला आहे. पं. रविशंकर यांच्याकडून त्याने भारतीय संगीताची प्राथमिक माहिती घेतली व १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. मात्र त्याच्या वादनास रागसंगीत म्हणता येणार नाही. आरोह-अवरोह, वादी-संवादी, रागवाचक स्वरसमूह ही रागाची बंधने त्यात नाहीत. स्थिर आधारस्वर व एकाच स्वरसप्तकात क्रमाने वाढत जाणारा विस्तार, एवढेच तत्त्व त्याने घेतले.

१९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी घडविलेल्या स्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मृत्युमुखी पडल्या; त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याने ॲलाबॅमा ही शोकगंभीर रचना ध्वनिमुद्रित केली. अ लव्ह सुप्रीम (ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६४) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती होय. ईश्वरास अर्पण केलेल्या या रचनेचे चार भाग आहेत. पहिल्या भागात चार स्वरांचा एकच लघुस्वरसमूह तो बाराही आधारस्वरांवरून वाजवितो, तर अखेरच्या भागात स्वतःच्या प्रार्थनाकाव्यातील शब्दांचा उच्चारक्रम सॅक्सोफोनवर उमटवितो.

असेन्शन (१९६५) पासून त्याने नियमित लय व स्वरसंवाद यांची बंधनेही झुगारली. या मुक्त वादनाने अनेक चाहते व समीक्षक दुरावले. टायनर व जोन्स यांनीही संच सोडला. टायनरच्या जागी त्याची पत्नी ॲलिस पियानो वाजवू लागली. यशस्वी ठरलेली शैली टिकवून ठेवण्यापेक्षा नवा शोध त्याला महत्त्वाचा वाटला, आणि त्यासाठी लोकप्रियता गमावण्याचीही त्याची तयारी होती.

यकृताच्या कर्करोगाने लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. २००७ मध्ये त्याला मरणोत्तर पुलिट्झर विशेष गौरव देण्यात आला. डेव्हिसच्या संचातील प्रवेशापासून मृत्यूपर्यंतची त्याची प्रमुख कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. परंतु तिच्या प्रत्येक टप्प्याने पुढील सॅक्सोफोनवादकांस एकेक स्वतंत्र मार्ग उपलब्ध करून दिला.