अडलेला प्रोग्रॅम परवडला

प्रयोगशाळेतला जुना संगणक मोडीत निघतो, नव्यावर ताजी लिनक्स चढते आणि इतकी वर्षं बिनबोभाट चाललेला फोर्ट्रानचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. 'लिबजीफोर्ट्रान.एसओ.३' सापडत नाही, एवढंच सांगून थांबतो. शोधाशोध केली की तीच लायब्ररी सापडते, फक्त शेवटी ५ असलेली. मग कुणीतरी रामबाण उपाय सुचवतं: ५ ला ३ नावाची लिंक द्या आणि मोकळे व्हा. तो शेवटचा आकडा म्हणजे नव्याजुन्याची नुसती खूण असती, तर हे चाललंही असतं. पण २०१८ साली आलेल्या जीसीसी ८ या कंपायलरमध्ये फोर्ट्रानच्या अ‍ॅरेला १५ मितींपर्यंत मुभा देताना अ‍ॅरेचा आकार नोंदवण्याची रचनाच बदलली. जुना प्रोग्रॅम मापं जिथे लिहितो, तिथे नवी लायब्ररी भलतंच काही वाचणार. सुदैवाने इथे दुसरा पहारा आहे. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनवरही आवृत्तीचा शिक्का असतो, त्यामुळे ही लिंक बहुधा तिथेच पकडली जाते. असे शिक्के नसलेल्या लायब्रऱ्या विज्ञानाच्या क्षेत्रात रगड आहेत. तिथे प्रोग्रॅम चालतो, आणि खरी चिंता तीच आहे.

शिक्क्यांची ही सोय किती कामाची, हे २०१० मध्ये एका गमतीदार प्रकरणात दिसलं. लिनक्सची पायाभूत लायब्ररी जीलिबसी हिने 'मेमकॉपी' हे मेमरीतल्या मजकुराची नक्कल करणारं फंक्शन काही इंटेल प्रोसेसरांसाठी वेगवान केलं. नक्कल आता कधीकधी शेवटाकडून होऊ लागली. मूळ आणि नवी जागा एकमेकींवर येऊ नयेत, या मेमकॉपीच्या नियमाने त्यात वावगं काहीच नव्हतं, पण अ‍ॅडोबीच्या फ्लॅश प्लेअरने तो नियम कधीच पाळला नव्हता. परिणामी फेडोरा १४ या लिनक्सवर व्हिडिओंचा आवाज खरखरू लागला. लिनक्सचा जनक लिनस टॉर्वाल्ड्स स्वतः तक्रार घेऊन भांडला: नियम कुणाचाही असो, चालत्या गाडीला खीळ का घालता? पुढच्या वर्षी जीलिबसी २.१४ ने मेमकॉपीला नवा शिक्का दिला. जुन्या प्रोग्रॅमांना जुनी वागणूक, नव्यांना नवी.

खरखर निदान कानाला कळते. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरची आकडेमोड खरखरत नाही. ट्रिस्टन ग्लाटार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एकच चित्रसंच, एकच सॉफ्टवेअर आणि लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या घेऊन पाहिलं. मेंदूच्या आतल्या भागांच्या सीमा दोन आवृत्त्यांत किती जुळतात, याचं माप पूर्ण जुळणीला १ असतं. बहुतेकदा ते ०.९ च्या वर राहिलं, पण काही ठिकाणी ०.५९ पर्यंत घसरलं. मुळाशी होती घातांकासारखी साधी गणिती फंक्शन्स, ज्यांचा दशांशातला शेवटचा अंक आवृत्तीगणिक हलत होता. टिळक आणि दाते पंचांगांचं असंच होतं. दोघांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा यात, फरक सुमारे चार अंशांचा. वर्षभर तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण सूर्याची संक्रांत अमावास्येच्या अलीकडे की पलीकडे, हे त्या चार अंशांवर ठरलं की एकाचा अधिक महिना दुसऱ्याचा राहत नाही आणि गणपती महिनाभर पुढेमागे होतात. लांबलचक आकडेमोडीत असे उंबरठे हजारो असतात. आणि मौज अशी, की ही फंक्शन्स पुरवणाऱ्या जीलिबसीच्या गणिती लायब्ररीच्या नावातला ६ हा आकडा जीलिबसी २ पासून, म्हणजे १९९७ पासून, तसाच आहे. आकडा रचनेची हमी देतो, उत्तराची नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कंटेनरने हे सगळं मिटवलं आहे: लायब्रऱ्यांसकट सगळं गोठवा आणि कुठेही चालवा. अडलेला प्रोग्रॅम सुरू करायला हा मार्ग उत्तमच. 'एलडीडी' ही आज्ञा चालवून काय हरवलंय ते पाहावं आणि कोंडासारख्या पॅकेज व्यवस्थापकाने किंवा सिंग्युलॅरिटीसारख्या कंटेनरने जुनी लायब्ररी फक्त त्या प्रोग्रॅमपुरती द्यावी. लायब्रऱ्या कुठे शोधायच्या हे सांगणारा 'एलडी लायब्ररी पाथ' कायमचा बदलून ठेवला, तर त्याच टर्मिनलवरचे इतर प्रोग्रॅमही ती जुनी लायब्ररी उचलतात आणि एकाचं दुखणं चौघांना लागतं. मात्र कंटेनरमुळे विज्ञान पडताळण्याजोगं झालं, ही जाहिरात जरा जास्तच आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बाहेरच्याच संगणकाचा असतो. शिवाय जीलिबसी काही गणिती फंक्शन्सचा कोणता प्रकार वापरायचा, हे चालू होताना प्रोसेसर पाहून ठरवते. तेव्हा तोच कंटेनर दुसऱ्या यंत्रावर शेवटचा अंक वेगळा देऊ शकतो. आणि गोठवून दरवेळी तेच उत्तर आलं, तरी ते बरोबर आहे हे कुठे ठरलं? ०.५९ ला कारणीभूत असलेला नाजूकपणा गोठवल्यावर दिसेनासा होतो, इतकंच.

ग्लाटार यांच्या गटाने पुढे उलटी वाट धरली. गणिताच्या लायब्ररीत त्यांनी मुद्दाम शेवटच्या अंकांना धक्के दिले आणि तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा चालवली. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं, की उत्तरांचा असा मिळालेला पसारा लिनक्सची आवृत्ती बदलल्यावर पडणाऱ्या फरकाशी चांगला जुळतो. म्हणजे नवी लिनक्स येण्याची वाट न पाहता, आपला निष्कर्ष किती हलू शकतो हे आधीच मोजता येतं.