गुडघेदुखी आणि चालणे
अस्थिसंधिवातात गुडघ्यातील कूर्चा झिजते. मग जिना उतरताना कळ येते, पावले आखूड पडतात आणि दुखऱ्या पायावरचा भार चुकवीत माणूस लंगडू लागतो. पुढे तो चालणेच सोडतो. खरी हानी तेथे होते, कारण मांडीचे स्नायू दुबळे झाले की सांध्यावरील ताण वाढतो. म्हणून सोसेल इतके सपाट रस्त्यावर चालावे आणि खुर्चीत बसून पाय सरळ ताणण्याचा व्यायाम रोज करावा. स्थूल व्यक्तीचे वजन १ किलो घटले तरी पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो. काठी मात्र दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण नेमके उलट करतात. उकिडवे बसणे टाळावे. गुडघा लाल होऊन सुजल्यास किंवा ताप आल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे.