मिश्रीची डबी आणि सोळा आणे

आज मिश्रीबद्दल बोलायचंय. कुणाकडे तिला मशेरी म्हणतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं हिरड्यांना घासायची. दात घासायच्या निमित्तानं ही घरात येते, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. नवऱ्याच्या तंबाखूच्या पुडीला आपण नावं ठेवतो आणि आपली डबी मात्र कनवटीला असते.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गावात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर बघतात, तोंडही उघडून बघतात. गटातल्या कितीतरी जणींच्या हिरड्या खराब निघाल्या. आम्हाला उत्साह आला. पुढच्याच मासिक सभेत सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ घेतली. चार-पाच जणींनी डब्या उकिरड्यावर टाकल्या, फोटो काढले. आठ दिवसांत घरोघरी पुन्हा तवे तापले, पण आता चोरून.

त्यात एक सून पाच महिन्यांची गरोदर होती. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा ती "नाही लावत" म्हणाली. शपथ घेतलेली, शेजारी सासू बसलेली, दुसरं काय म्हणणार? बाळ कमी वजनाचं झालं. एका बाळावरून मिश्रीमुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली तो छापून आला. बिडी-सिगारेट न ओढता तंबाखू लावणाऱ्या किंवा खाणाऱ्या बायकांची बाळं त्यात सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या बायकांत मिश्रीवाल्याच जास्त होत्या. शपथ घालून त्या पोरीची खरं बोलायची सोय आम्हीच काढून घेतली, ही टोचणी अजून आहे.

नंतर एका प्रशिक्षणात कळलं की आपण उलट्या टोकानं सुरुवात केली. "मिश्री वाईट, सोडा" हे प्रत्येकीला पाठ आहे. विचारायचं असतं ते हे, की मिश्री तिला देते काय?

विचारल्यावर बायका भडाभडा बोलल्या. एकीची बाळंतपणानंतर दाढ दुखायची, आईनंच लावायला दिली. दुसरी म्हणाली, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. आणि एका काकूंनी सांगितलं ते आम्ही विसरलो नाही. त्या म्हणाल्या, "तोंडात मिश्री असली की बोलता येत नाही. कुणी हाक मारली तर हातानं थांब म्हणायचं. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं मला कुणी उठवत नाही." आता सांगा, त्या काकूंना नुसतं डबी फेका म्हटलं तर आपण त्यांच्याकडून नक्की काय काढून घेतो?

मिश्रीतलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. शरीराला त्याची सवय लागते. बंद केलं की डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते, पोट अडकतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, मग दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. तलफ आली तरी ती काही मिनिटांची असते, तेवढी टाळायची. हे आधी माहीत नसलं तर बाई घाबरते आणि म्हणते, मला सोसत नाही. डॉक्टरांसमोर पन्नास माणसांची रांग असते, एवढं समजावायला त्यांना वेळ कुठला? ते काम गटानं उचलायचं.

आम्ही आता असं करतो. "मिश्री लावता का?" असं विचारत नाही, "दिवसातनं किती वेळा लावता?" असं विचारतो. म्हणजे लपवावं लागत नाही. गरोदर बाईला तर सासूसमोर विचारायचंच नाही, एकटी गाठायची. मग बरं काय वाटतं ते विचारायचं, आणि नकोसं काय वाटतं तेही. नातू वासानं तोंड फिरवतो, दात काळे पडले म्हणून लग्नात हसता येत नाही, ही कारणं तिची स्वतःची असतात. आपल्या भाषणापेक्षा ती कामाला येतात.

त्यानंतर विचारतो, "सोडता येईल याची सोळा आण्यांपैकी किती आणे खात्री?" गटात पैशाची भाषा सगळ्यांना कळते. समजा ती चार आणे म्हणाली. तिथं "फक्त चारच?" म्हणायचं नाही. "एकच आणा का नाही म्हणालात?" असं विचारायचं. मग ती आपणहून सांगते, की बाळंतपणात एकदा महिनाभर सोडली होती, किंवा माहेरी गेले की आठवण येत नाही. तिथूनच वाट काढायची.

दुपारची किंवा रात्रीची मिश्री आधी सोडायची, सकाळची शेवटी. गरोदर बाईनं मात्र रेंगाळू नये, लगेच बंद करावी. तारीख ठरवायची आणि त्या आठवड्याच्या बाजारात तंबाखू आणायचीच नाही. तोंडाला चाळा म्हणून लवंग किंवा बडीशेप. सुपारी नको, तिनंही तोंडाचा कॅन्सर होतो. पोटासाठी सकाळी भरपूर पाणी, जेवणात पालेभाजी. दाढ दुखत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि ती दहा मिनिटं तशीच ठेवायची. काकूंनी घरात सांगून टाकलं, "मी ओट्यावर बसले की हाक मारायची नाही." मुलगा आधी हसला, आता पाळतो.

प्रत्येकीला एक जोडीदारीण दिली आहे. आमच्या गटात सभेला उशिरा आलं तर दंड असतो. मिश्री पुन्हा लावली तर दंड नाही. कधी लावली आणि तेव्हा काय झालं होतं, एवढंच विचारतो. बहुतेक वेळा घरात भांडण झालेलं असतं.

बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांशी मिठाबद्दलही असंच बोलतो. दिवसाला माणशी चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेचं आहे. पण पापड-लोणचं आधी सुटेल की ताटात वरून घ्यायचं मीठ, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

एक गोष्ट मात्र गप्पांवर सोडू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गाठ लागली किंवा तोंड नीट उघडेना, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तंबाखू सोडायला फोनवरूनही फुकट मदत मिळते, नंबर लिहून घ्या: १८०० ११ २३५६. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन मिळतं. निकोटिनचं च्युइंगम घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

ती सून आता सभेला बाळाला घेऊन येते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा चार आणे म्हणाली होती. गेल्या सभेत दहा म्हणाली. दुपारची आणि रात्रीची बंद आहे, सकाळची अजून सुटायची आहे. तिची जोडीदारीण कोण माहितीये? सासू.